बैलाचें पोट व धन्याचें पोट

गुरांच्या बाजारांत बैल पारखणाऱ्या जाणत्या शेतकऱ्याकडे ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिलें असेल त्यांस ठाऊक असेल कीं, शिंगें, खांदा व चाल एवढेंच पाहून तो थांबत नाहीं. जनावरापुढें चार पेंढ्या कडबा टाकून तें कसें खातें हें तो पाहतो. खाऊन झाल्यावर तें रवंथ करितें कीं नाहीं यासाठीं घटकाभर बाजूस बसून राहतो. आणि दलाल किंमतीचें बोलणें लावीत असतां याची नजर मात्र मागें पडलेल्या शेणावर असते. शेण घट्ट कीं पातळ, त्यांत दाणा अखंड उतरला आहे काय, वास कसा येतो, यावरून तो मनाशीं भाव ठरवितो. ज्याचें पोट ठीक तें जनावर औताला चालेल, हा त्याचा नियम आहे, आणि तो चुकत नाहीं.

याच शेतकऱ्याच्या स्वतःच्या पोटाची व्यवस्था कशी असते? पहांटे उठल्याबरोबर दोन कप गोड चहा व त्याबरोबर बेकरीची खारी किंवा बटर. नऊ वाजतां पुन्हां चहा. दुपारीं पांढऱ्या शुभ्र तांदळाचा भात व पातळ आमटी. संध्याकाळीं फाट्यावरच्या गाड्यावर वडापाव किंवा भजीं. दूध पहांटेच संकलन केंद्रावर गेलेलें असतें; घरांत चहापुरतें उरतें. कंबर धरली तर उपाशीपोटीं वेदनाशामक गोळी घ्यावयाची, आणि त्या गोळीनें जठराचें अस्तर सोलून निघालें म्हणजे पित्ताची दुसरी गोळी घ्यावयाची. पोट तीन तीन दिवस साफ झालें नाहीं तरी त्याची वार्ता कोणास नसते. बैलानें एक वेळ वैरण सोडली तर मात्र पशुवैद्याकडे मध्यरात्रीं माणूस धांवतो. हें आम्ही कोणास टोचून बोलण्यासाठीं लिहीत नाहीं. वरील वर्णनांतील पुष्कळसा भाग आमच्या स्वतःच्या घरास लागू होता, व कांहीं अंशीं अद्यापि आहे. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, जनावराच्या पोटाविषयींचें जें ज्ञान शेतकऱ्यापाशीं पिढीजात आहे तें त्यानें आपल्या घरच्या माणसांस लागू करावें, आणि त्यासाठीं जमिनीचा व दुधाचा कांहीं वाटा बाजाराच्या आधीं घराकरितां राखून ठेवावा.

गाय, बैल व म्हैस यांस स्वतःच्या शक्तीनें कडबा पचवितां येत नाहीं, ही गोष्ट प्रथम ऐकणारास चमत्कारिक वाटते. कडब्यांतील चिवट तंतु फोडणारा रस कोणत्याही जनावराच्या शरीरांत उत्पन्न होत नाहीं. तें काम कोटीपोटांत राहणारे सूक्ष्म जंतु करितात. मोठ्या गाईच्या कोटीपोटांत शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. त्यांत हे जंतु चाऱ्याला आंबवितात, त्यापासून सौम्य आम्लें निघतात, आणि तीं रक्तांत शोषून गाय आपली बहुतेक शक्ति मिळविते. तेव्हां शेतकरी गव्हाणींत वैरण टाकतो ती आधीं या जंतूंकरितां, व त्यांच्याद्वारें गाईकरितां. वैरण एकाएकीं बदलूं नये, ओला चारा हळूहळू वाढवावा, असें आपले वडील सांगत आले त्याचें मर्म हेंच आहे. अन्न बदललें कीं जंतूंची वस्ती बदलते, व तिला त्यासाठीं अवधि लागतो.

हा अवधि न दिल्यास काय होतें तें आम्हीं आमच्या गोठ्यांत पाहिलें आहे. घरीं लग्नकार्य होतें. पंक्ती उठल्यावर उरलेला भात व बुंदी वायां जाऊं नये म्हणून ती दुभत्या गाईपुढें ठेवण्यास आम्हींच सांगितलें. रात्रीं गाईचें पोट फुगलें, रवंथ थांबला, पातळ व आंबट वासाचें शेण पडूं लागलें, आणि पहांटे ती उठेना. पशुवैद्यांनीं मोठ्या श्रमानें ती वांचविली. पिठूळ अन्न एकदम गेल्यामुळें कोटीपोटांत तीव्र आम्ल झालें, कडबा पचविणारे जंतु त्यांत मेले व पोटाचें अस्तर भाजून निघालें, असें त्यांनीं समजावून सांगितलें. परंतु आमच्या मनावर जें कोरलें गेलें तें पुढेंच घडलें. कांहीं आठवड्यांनीं गाय लंगडूं लागली. खुरांत दाह झाला होता, व त्याचें मूळ त्या रात्रींच्या पोटांत होतें! खाल्लें तोंडानें, बिघडलें पोट, आणि दुखलें खूर. पोटाचा व सर्व शरीराचा संबंध काय आहे हें कोणत्याही ग्रंथानें आम्हांस इतकें स्पष्ट शिकविलें नसतें.

मनुष्यास कोटीपोट नाहीं. परंतु त्याच्या मोठ्या आंतड्यांत तसलीच एक वस्ती आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार माणसाच्या शरीरांत सुमारें ३८ लाख कोटि जंतु राहतात, व त्यांपैकीं बहुतेक सर्व मोठ्या आंतड्यांत असतात. शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारें ३० लाख कोटि धरिल्या आहेत. म्हणजे पाहुणे यजमानांहून थोडे अधिकच झाले. या वस्तीचें अन्न म्हणजे आपण खाल्लेल्या धान्यांतील, डाळींतील व भाजीपाल्यांतील जो तंतुमय भाग वरच्या आंतड्यांत पचत नाहीं तो, ज्यास आपण चोथा म्हणून हिणवितों. तो जंतु आंबवितात आणि त्यापासून जीं आम्लें निघतात त्यांपैकीं ब्यूटिरिक आम्ल हें आंतड्याच्या अस्तराचें मुख्य खाद्य आहे. चोथा मिळाला नाहीं म्हणजे काय होतें? उंदरांवरील प्रयोगांत असें दिसून आलें आहे कीं, उपाशी पडलेले जंतु आंतड्यावरील बुळबुळीत संरक्षक थर खाऊं लागतात, आणि थर पातळ झाला कीं रोगकारक जंतूंस भिंतीपर्यंत वाट मिळते. वैरण न मिळालेलें ढोर कुंपण खाऊं लागतें, तसाच हा प्रकार होय. आणि त्या भिंतीच्या पलीकडे शरीराचें रोगाशीं लढणारें मोठें सैन्य उभें असतें. तें विनाकारण चवताळलें म्हणजे त्याचा त्रास केवळ पोटापुरता राहत नाहीं.

आतां चोथा कोठें आहे तें पाहूं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं भारतीय अन्नपदार्थांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं आहेत. त्यांत शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम, बाजरींत व नाचणींत सुमारें ११ ग्रॅम, कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पिठांत ११ ग्रॅम तंतुमय भाग दिला आहे; आणि पांढऱ्या तांदळांत व मैद्यांत तो पावणेतीन ग्रॅमच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रौढ माणसास दररोज निदान २५ ग्रॅम तंतुमय भाग व ४०० ग्रॅम भाजीपाला व फळें असावीं असें सुचविलें आहे. तीनशें ग्रॅम ज्वारी खाणारा केवळ भाकरीनेंच ही मर्यादा ओलांडतो; तितकाच पांढरा तांदूळ खाणारास सुमारें आठ ग्रॅमच मिळतात. यावर आमचे कोंकणांतील व गोमांतकांतील वाचक विचारतील कीं, आम्ही पिढ्यान्पिढ्या भातच खात आलों, तर आमचे वडील धडधाकट कसे होते? त्यांस आम्ही उलट विचारतों कीं, तुमचे वडील कोणता भात खात होते? हातसडीचा व उकड्याचा. त्याजबरोबर कुळथाचें पिठलें होतें, नाचणीची भाकरी होती, परसांतला माठ व अळू होतें. तांदूळ तोच राहिला, त्याचा कोंडा गेला व सोबती गेले.

गोड चहा व पांढरा पाव यांविषयीं मात्र आमच्या देशांतीलच एक जुना प्रयोग सांगण्याजोगा आहे. निलगिरींतील कुन्नूर येथें १९१८ सालीं सर रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनीं एका लहानशा खोलींत बेरीबेरी रोगाचा शोध आरंभिला. वर सांगितलेली हैदराबादची संस्था हा त्याच रोपाचा वाढलेला वृक्ष आहे. ती १९५८ सालीं तेथें हलविली गेली. मॅक्‌कॅरिसन यांनीं उंदरांच्या टोळ्यांस हिंदुस्थानांतील निरनिराळ्या प्रांतांचें अन्न घातलें. कोंड्यासह गव्हाची पोळी, दूध, डाळी व ताजा भाजीपाला या पंजाबी अन्नावर वाढलेले उंदीर सर्वांत सुदृढ निघाले. दुसऱ्या एका टोळीस इंग्लंडांतील गरीब वर्गाचें त्या काळचें अन्न दिलें, म्हणजे पांढरा पाव, कृत्रिम लोणी, फार गोड चहा, उकडलेल्या भाज्या व डब्यांतील मांस. ते उंदीर खुरटले, फुफ्फुसांच्या व पोटाच्या विकारांनीं पछाडले, आणि साठाव्या दिवसाच्या सुमारास आपल्यांतील दुबळ्यांस मारून खाऊं लागले. उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. तथापि त्या दुसऱ्या टोळीचा नाश्ता व आमच्या फाट्यावरचा नाश्ता यांतील साम्य वाचकांनीं आपल्याशींच ताडून पाहावें. पुढें आफ्रिकेंतील युगांडांत शस्त्रवैद्याचें काम करून परतलेल्या डेनिस बर्किट यांनीं १९७२ सालीं दाखविलें कीं, जाडेंभरडें खाणाऱ्या तेथील खेडुतांचें अन्न सुमारें दीड दिवसांत शरीराबाहेर पडतें, व मऊ पांढरें अन्न खाणाऱ्या इंग्रजांचें त्यास साडेतीन दिवसांच्या आसपास लागतात. बद्धकोष्ठ, मूळव्याध व मोठ्या आंतड्याचा कर्करोग यांचा संबंध त्यांनीं या फरकाशीं जोडला. त्यांचीं सर्वच अनुमानें टिकलीं असें नाहीं. परंतु चोथ्याविषयींचें मुख्य म्हणणें टिकलें आहे.

पोटाचा मनाशीं संबंध आहे काय, असा प्रश्न हल्लीं पुष्कळ विचारला जातो. आहे, आणि तो दोन्ही बाजूंनीं आहे. अमेरिकेंत १८२२ सालीं ॲलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या एका तरुण मजुराच्या पोटास बंदुकीची गोळी लागली; तो वांचला, पण जठरास पडलेलें भोंक कायमचें उघडें राहिलें. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरांनीं त्या भोकांतून अनेक वर्षें अन्न कसें पचतें हें प्रत्यक्ष पाहिलें व १८३३ सालीं तें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. तो मजूर संतापला म्हणजे जठराचें अस्तर बदलतें व पचन बिघडतें, असें त्यांनीं नमूद केलें आहे. (ज्याच्या पोटांत दोरीस बांधून मांसाचे तुकडे सोडीत व पुन्हां ओढून काढीत, तो संतापत असे यांत नवल तें काय!) सावकाराचा निरोप आल्यावर किंवा बाजार पडल्याची वार्ता ऐकल्यावर घास उतरत नाहीं, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं कोणास नाहीं? परंतु याच विषयावर हल्लीं जें भाराभर बोललें जातें त्यांतील अतिशयोक्तीपासून सावध राहावें. मन प्रसन्न ठेवणारें म्हणून प्रसिद्ध असलेलें सेरोटोनिन हें द्रव्य शंभरांत नव्वदांहून अधिक आंतड्यांत तयार होतें, हें खरें. पण तेथून तें मेंदूंत जात नाहीं, हें सांगावयास जाहिरात करणारे विसरतात. खिन्नतेनें ग्रासलेल्या माणसास भाकरी-ताकाचा उपदेश करून डॉक्टरांपासून दूर ठेवणें हा अपराध होय.

दुकानांत महागड्या बाटल्यांतून व पुड्यांतून चांगले जंतु विकावयास आले आहेत. त्यांपैकीं बहुतेकांपासून निरोगी माणसास विशेष लाभ होतो असें आम्हांस वाटत नाहीं. वैरणीची सोय न करितां गोठ्यांत विकत घेतलेलीं गुरें आणून बांधण्याचा तो प्रकार आहे. मग ताक व दही यांचें काय? पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील मेचनिकॉफ या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या शास्त्रज्ञांनीं १९०७ च्या सुमारास आंबट दुधानें आयुष्य वाढतें असें प्रतिपादिलें होतें. तितकें मोठें श्रेय आम्ही ताकास देत नाहीं. दह्यांतील जंतु आंतड्यांत कायमचे घर करून राहत नाहींत. परंतु ताक सोसतें, पचतें, उन्हांत काम करणारास पाणी व मीठ पुरवितें, आणि गोड चहाची जागा घेतें, एवढ्याच गुणांवर तें घरांत असावें. जंतूंची योग्य निवड केल्यास काय होऊं शकतें याचें एक उदाहरण मात्र आपल्याच देशांत घडलें आहे. ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांवर झालेला एक प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या बालकांस सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा जंतु व त्याचें खाद्य देण्यांत आलें. त्यामुळें रक्तदोष किंवा मृत्यु यांचें प्रमाण शेंकडा ९ वरून ५.४ वर आलें. आमच्या वाचकांस हा जंतु अपरिचित नाहीं. मुरघास चांगला मुरावा म्हणून जें विरजण मिळतें त्यांत बहुधा हाच असतो. अर्थात् तो विशिष्ट वाण होता व देणारे वैद्य होते. यावरून कोणीं तान्ह्या मुलास ताक पाजूं नये.

प्रतिजैविकांविषयीं आम्हांस थोडें कडक लिहिणें भाग आहे. सर्दी-पडशासारख्या ज्या दुखण्यांवर त्यांचा कांहीं उपयोग नाहीं त्यांसाठींही दुकानांतून परभारें गोळ्या आणून खाण्याची चाल पडली आहे. प्रत्येक वेळीं रोगाचे जंतु मरोत वा न मरोत, आंतड्यांतील वस्तीची मात्र नासधूस होते. हेंच गोठ्यांत चाललें आहे. कासेस दगडी झाली कीं इंजेक्शन द्यावयाचें, आणि औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस वापरूं नये हें छापलेलें असतांही तें दुसऱ्याच दिवशीं भांड्यांत ओतावयाचें. त्या दुधाला विरजण लागत नाहीं, हें घरांतील बायकांस पक्कें ठाऊक असतें. जें दूध विरजणाच्या जंतूंस जगूं देत नाहीं, तें पिणाऱ्याच्या पोटांतील जंतूंस मानवेल काय? कोलिस्टिन हें माणसाच्या उपचारांतील अगदीं शेवटचें राखीव औषध असल्यामुळें २०१९ सालीं केंद्र सरकारनें दुभत्या व मांसाच्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्याचा वापर बंद केला. कायदा तेवढें करूं शकतो. पण प्रत्येक गोठ्यांत तो उभा राहूं शकत नाहीं.

जंत व शौचकूप यांविषयीं पूर्वीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, म्हणून येथें एवढेंच सांगतों कीं, अंकुशकृमि अनवाणी पायांतून शिरून आंतड्यांत रक्त पीत बसतो, आणि घरांतील फिकट पडलेल्या सुनेस व मुलीस आळशी म्हणण्यापूर्वीं त्यांचें रक्त व जंत तपासून घ्यावे. मुलांकरितां १० फेब्रुवारीस शाळांतून व अंगणवाड्यांतून जंतांची गोळी फुकट मिळते; हा दिवस २०१५ पासून पाळला जात आहे.

आतां मुख्य आक्षेप. ज्वारी परवडत नाहीं. पांखरें राखावीं लागतात, काढणीस मजूर मिळत नाहींत, सोयाबीन व ऊंस यांचे पैसे रोख येतात, आणि शिधापत्रिकेवर गहूं-तांदूळ मिळतो, मग ज्वारी पेरावी कशाला? बाजाराकरितां पेरा असें आम्ही म्हणतच नाहीं. पांच माणसांचें घर दररोज दीड किलो धान्य खातें असें धरिलें तर वर्षाचें साडेपांच क्विंटल होतें. त्यांतील अर्धें ज्वारीचें ठेविलें तर पावणेतीन क्विंटल लागेल. कोरडवाहू रब्बींत एकरीं चार क्विंटल पीक आलें तरी यासाठीं अठ्ठावीस गुंठे पुरे होतात. वर कडबा मिळतो तो निराळाच. त्या तुकड्यांत हरभऱ्याच्या व करडईच्या चार ओळी टाकल्या तर डाळ, पाला व तेल यांची भर पडते. दुधाविषयीं आमचें मागणें याहून लहान आहे. रोजच्या दुधांतून एक लिटर केंद्रावर न नेतां विरजावें. राहिली भाकरी थापण्याची मेहनत. ती बाईच्या माथीं आहे व ती लहान नाहीं, हें पुरुषांनीं प्रामाणिकपणें मान्य करावें. जी बाई सर्वांस वाढून शेवटीं उरलेला भात व पातळ कालवण खाते, तिच्याच पोटास चोथा सर्वांत कमी मिळतो, हें आम्हीं आमच्याच घरांत फार उशिरां पाहिलें.

बदल करणें झाल्यास तो गुरांप्रमाणेंच सावकाश करावा. वर्षानुवर्षें मऊ भात व पाव खाणाऱ्यानें एकाच दिवशीं बाजरी, मोडाचीं कडधान्यें व पालेभाजी यांवर धाड घातली तर पोट फुगणार, वायु होणार, आणि तो दुसऱ्या दिवशीं आमच्या नांवानें बोटें मोडणार. आधीं एक भाकरी, आठवड्यानें डाळ व भाजी वाढती, पाणी भरपूर, असें तीन-चार आठवडे जाऊं द्यावे. मात्र शौचावाटे रक्त जाणें, वजन उतरणें, पोट साफ होण्याची जुनी संवय एकाएकीं बदलणें, यांपैकीं कांहीं आढळल्यास भाकरी-ताकाचे प्रयोग करीत बसूं नये; सरळ मोठ्या दवाखान्यांत जावें. आमचे थोरले बंधु रक्त जात असतां मूळव्याध समजून दीड वर्ष बोलले नाहींत. त्याच दीड वर्षांत त्यांनीं खिल्लारी जोडीपैकीं एका बैलाचें शेण पातळ झालें म्हणून दोनदां तालुक्यास जाऊन औषध आणलें होतें. बैल बरा झाला. बंधूंचा रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला होता.